हॉलमध्ये राहणारीचंही नाव कागदावर हवं

ताई, नमस्कार. मी अंबाजोगाईची, वय २३. शाळा-कॉलेज सगळं इथेच झालं, घर सोडून कधी राहिले नाही. आता खराडीला एका कंपनीत नोकरी लागलीय, एक तारखेला हजर व्हायचंय. कॉलेजातल्या एका सीनियरच्या ओळखीने वडगाव शेरीत टू बीएचके मिळतोय. तिथे तिघी राहतात. त्यातली एक लग्न ठरल्यामुळे सोडून चाललीय, तिच्या जागी मी. भाडं २७,००० रुपये, तिघींत सारखं, म्हणजे माझे ९,०००. डिपॉझिट ७५,०००. त्यातले २५,००० मी सोडून जाणाऱ्या मुलीला द्यायचे. करार त्या तिघींच्या नावावर आहे, त्याला चार महिने झाले. माझ्या नावाचं विचारलं तर म्हणाल्या, 'सातच महिने उरलेत, पुन्हा कोण खर्च करणार? तू नुसती राहायला ये.' जाणारीची बेडरूम आता हॉलमधल्या मुलीने घेतलीय, मला हॉलमध्ये दिवाण आणि पडदा. एकीने आपल्या खोलीत भाड्याने एसी लावलाय, लाइट बिल मात्र तिघींत सारखं. बाथरूममध्ये गॅसचा गीझर आहे. गार वारा येतो म्हणून खिडकीला पुठ्ठा लावलाय. मुली चांगल्या वाटल्या. पण पैशांचं आणि कागदाचं विचारायला मला फार संकोच वाटतो. आल्या आल्या किरकिरी वाटेन. बाबा म्हणतात, ओळखपाळख नसताना पैसे देऊ नको. काय करू? आणि घरून काय काय न्यावं?
— ल., अंबाजोगाई

प्रिय ल.,

पैशांचं नंतर बोलू. आधी तो पुठ्ठा.

तू ते वाक्य सहज लिहून पुढे गेलीस, मी मात्र तिथेच थांबले. गॅसचा गीझर पेटला की बाथरूममधली हवा वापरत जळतो. खिडकी बंद असेल आणि खोली लहान असेल, तर हवा कमी पडून गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडर गळला तर आपल्याला वास येतो, कारण त्या गॅसमध्ये वासाचं रसायन मुद्दाम घातलेलं असतं. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. डोकं जड होतं, मळमळतं, गरगरतं, आणि कडी काढायचंही बळ राहत नाही. बाहेरच्यांना वाटतं, अंघोळ जरा लांबलीय. हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या दरवर्षी येतात, आणि त्यात तुझ्या वयाच्या मुली असतात.

म्हणून राहायला गेलीस की पहिल्याच दिवशी तो पुठ्ठा काढ. कुणाला विचारत बसू नकोस, कारण सांग आणि काढ. गीझर बाथरूमच्या आतच बसवला असेल तर दार-खिडकी उघडी ठेवून बादली भरायची, गीझर बंद करायचा, मग आत जाऊन कडी लावायची. शॉवर चालू ठेवून अंघोळ नको. त्या दोघींनाही हे सांग. आणि मालकाशी बोलशील तेव्हा गीझर बाहेर काढून द्या किंवा विजेचा बसवा, हे मागणं पहिलं ठेव. गार वाऱ्याने फार तर सर्दी होईल.

आता तुझ्या संकोचाबद्दल. भीड ही भिकेची बहीण असं आपल्याकडे म्हणतात, आणि मी ते अनुभवलंय. १९९१ साली मी सोलापूरहून पुण्याला आले आणि सदाशिव पेठेत एका वाड्यात कॉट बेसिसवर राहिले. एका खोलीत चार कॉटा. डिपॉझिटचे ६०० रुपये मी खोलीतल्या सगळ्यात जुन्या मुलीच्या हातात दिले. पावती मागावीशी वाटली होती, तोंडातून शब्द फुटला नाही. आठ महिन्यांनी मी सोडायचं ठरवलं तोवर ती निघून गेली होती, आणि मालकांनी चौघींचे पैसे तिच्याकडे परत केले होते. मालक म्हणाले, मी तुला ओळखतच नाही. त्यांच्या बाजूने ते खरंच होतं. त्यांनी मला जिन्यात येता-जाता पाहिलं होतं, एवढीच आमची ओळख. तो महिना मी कसा काढला ते मला अजून आठवतं, आणि घरी मी ते कधीच सांगितलं नाही.

तुझं प्रकरण याच वळणावर आहे, फक्त आकडे मोठे आहेत. नीट बघ: तू २५,००० रुपये देणार त्या मुलीला, जी घर सोडून चाललीय. मालकाच्या कागदावर मात्र ते पैसे तिचेच राहणार, कारण करारात नाव तिचं आहे. सात महिन्यांनी मालक डिपॉझिट परत करतील ते कराराप्रमाणे करतील. तोवर ती लग्न होऊन कुठल्या गावी असेल, तिचा नंबर तोच असेल का, हे आज ती स्वतःही सांगू शकणार नाही. ती लबाड आहे असं मी मुळीच म्हणत नाही. तिच्या चांगुलपणावर तुझे २५,००० अवलंबून राहू नयेत, एवढंच.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. मालकांना हे माहीत आहे का? तुझ्या पत्रात मालकांचा उल्लेखच नाही. आपल्याकडे जे 'अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट' म्हणतात, ते असतं लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे त्या जागेत राहण्याची ठरावीक माणसांना दिलेली परवानगी. बहुतेक करारांत साफ लिहिलेलं असतं की यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला ठेवायचं नाही. म्हणजे मालकांना न सांगता तू राहिलीस, तर त्या दोघींनी करार मोडल्यासारखं होतं आणि तू त्या घरात पाहुणी ठरतेस. पाहुणीला कुणीही 'उद्यापासून येऊ नको' म्हणू शकतं. मालक म्हणू शकतात, सोसायटी म्हणू शकते, भांडण झालं तर त्या दोघीसुद्धा म्हणू शकतात.

'पुन्हा कोण खर्च करणार' याचा हिशोब मी तुला मांडून दाखवते, म्हणजे बोलताना आकडा तुझ्याजवळ असेल. महाराष्ट्रात या कराराचं मुद्रांक शुल्क पाव टक्का असतं. ते लागतं एकूण भाड्यावर, आणि डिपॉझिटच्या वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेल्या व्याजावर. नवा अकरा महिन्यांचा करार धरला तर भाडं होतं २,९७,००० आणि व्याज साधारण ७,५००. त्याचा पाव टक्का म्हणजे ७६० रुपयांच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. शिवाय एजंट घरी येऊन आधार आणि अंगठ्याचा ठसा घेऊन ऑनलाइन नोंदणी करून देतो, त्याची वेगळी फी. ती करायच्या आधी विचारून घे, प्रत्येकाचा दर वेगळा असतो. हे सगळं तिघींत वाटलं तर फार होत नाही. आणि त्या वाटून घ्यायला तयार नसतील, तर ल., तू एकटीने भर. पहिल्या पगारातून जे काही घ्यायचं ठरवलं असशील, ते एक महिना पुढे ढकल.

'करार अकरा महिन्यांचा असतो, त्याला नोंदणी लागत नाही' असंही तुला कुणीतरी सांगेल. ते इथे लागू नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेला असलाच पाहिजे, मग तो कितीही महिन्यांचा असो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे तू नाव घाला म्हणतेस तेव्हा मालकावर अविश्वास दाखवत नाहीस. उलट उद्या त्यांच्या घरात चौकशी झाली, तर राहणाऱ्या तिघी कोण हे त्यांना दाखवता येईल. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवायची असते, तीही त्यांना तुझ्या नावाने देता येईल. तुलाही त्या कागदाचा उपयोग आहे. बँकेत पत्ता बदलायला तो मागतात. पासपोर्ट काढायचा झाला तर पत्त्याचा पुरावा म्हणून तिथेही चालतो.

सोडून जाणारी मुलगी जाण्याआधी मालकांना फोन लाव. ती पुण्यात आहे तोवर हे एका दिवसात होतं, एकदा गेली की तिचा अंगठा घ्यायला तिला शोधत बसावं लागेल. फोनवर काय बोलायचं ते मी लिहून देते: 'काका, मी अमुक. तुमच्या वडगाव शेरीच्या फ्लॅटमध्ये अमुकच्या जागी एक तारखेपासून राहायला येतेय. तिच्या वाटचे डिपॉझिटचे २५,००० मी तिला देणार आहे. त्याआधी करारात तिचं नाव काढून माझं घालून घेऊ या. ती जायच्या आत कुठला दिवस तुम्हाला जमेल?' एवढं पुरे. उगाच 'सॉरी' म्हणू नकोस, आणि 'बाबांनी सांगितलंय' असंही म्हणू नकोस. आपण मुली बाबांच्या नावाआड उभ्या राहून बोलतो. मग समोरचा पुढचं बोलणं बाबांशी करतो, आणि त्या घरात आपण धाकटीच राहतो. भाडं तू भरणार आहेस, तूच विचार.

मालक म्हणाले की नवा करार सात महिन्यांनीच करू, तर त्यांच्याकडून निदान एक मेसेज लिहून घे, की अमुक तारखेपासून तू तिच्या जागी राहतेस आणि डिपॉझिटमधले २५,००० तुझे आहेत. तो मेसेज आला की मगच पैसे पाठव. रोख नको, बँकेतून पाठव, आणि ते कशाचे हे तिथेच लिही. जाणाऱ्या मुलीकडून दोन ओळींची पावती घे, खाली त्या दोघींच्या सह्या. मालक मेसेजही करणार नाहीत आणि 'राहा, मला काही सांगू नका' म्हणाले, तर मात्र ते घर सोड. एक तारीख जवळ आली म्हणून घाबरू नकोस. महिनाभर पेइंग गेस्ट म्हणून कुठेही राहता येतं आणि तेवढ्यात दुसरं घर मिळतं. तुझ्या बाबांचं म्हणणं मी असं वाचते: ओळख नसेल तर कागद हवा. ओळख असली तरी हवाच.

आणखी एक. तू तिची जागा घेतेस तशी तिने केलेली मोडतोडही तुझ्या नावावर येते. घर सोडताना मालक रंगाचे, फुटक्या फरशीचे, गळक्या नळाचे पैसे डिपॉझिटमधून कापतात. म्हणून तुझं सामान लावायच्या आधी घराचा व्हिडिओ काढ. भिंती, ओट्याखालची ओल, कपाटाच्या कड्या, पंखे चालू करून, नळ सोडून, आणि विजेच्या मीटरवरचा आकडा. तो त्याच दिवशी मालकांना पाठव. पाच मिनिटांचं काम आहे.

आता हॉल. कागदाचं काम एकदा झालं की संपतं, हॉलमध्ये मात्र तुला रोज झोपायचंय.

सारखं भाडं मला पटत नाही. दोघींना दार आहे, कडी आहे, कपाट आहे. तुला पडदा आहे. स्वयंपाकघरात जाणारी वाट तुझ्या दिवाणाशेजारून जाते, बेल वाजली की तूच उठणार, कुणाची मैत्रीण आली तर ती तुझ्याच अंथरुणावर बसणार. ही जागा ९,००० ची नाही. पण 'माझं कमी करा' अशी सुरुवात केलीस तर घासाघीस होईल. त्यापेक्षा दोघींना एकच प्रश्न विचार: 'तुमच्यातली कुणी हॉलमध्ये यायला तयार असेल तर किती भाडं द्याल?' त्यातली एक कालपर्यंत तिथेच झोपत होती, तिला उत्तर ठाऊक आहे. त्या जो आकडा सांगतील तो तू मान्य कर. सात हजार म्हणाल्या तर उरलेले २०,००० दोघींत दहा-दहा. आणि त्या म्हणाल्या की आम्ही नऊ हजारच देऊ, तर दर चार महिन्यांनी खोल्या बदलायच्या असं ठरवून घे.

भाड्याबरोबरच हॉलच्या वेळाही ठरव. तुला सकाळी ऑफिसची कॅब असेल, त्यांना कदाचित दुपारची शिफ्ट. रात्री अकरानंतर हॉलचा दिवा बंद, फोनवरचं बोलणं आपापल्या खोलीत, मुक्कामाला कुणी येणार असेल तर आदल्या दिवशी ग्रुपवर सांगायचं. कुणाचा मित्र येत असेल तर यावं, त्यात तू बोलायचं काही नाही, पण रात्री तू पडद्याआड झोपलेली असताना हॉलमध्ये अनोळखी माणूस बसलेला नसावा, एवढं तू हक्काने मागू शकतेस. हाच नियम तुझ्या आईलाही लागतो. ती पहिल्या महिन्यात पंधरा दिवस राहायला येते म्हणेल. दोन-तीन दिवस ठीक, पुढे ते त्या दोघींचंही घर आहे. आईला हे तू आताच सांग, तिकीट काढल्यावर नको.

विजेचं बिल वाटून घेण्याची रीतही बदला. दीड टनाचा एसी तासाला साधारण एक ते दीड युनिट घेतो. रोज रात्री सात-आठ तास चालला तर महिन्याला एकट्या एसीचे २०० च्या वर युनिट. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटांपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, ३०१ ते ५०० ला तिसरा, असा तो चढत जातो. म्हणजे एका खोलीतल्या एसीमुळे घराचं बिल वरच्या दरात ढकललं जातं आणि पंख्याखाली झोपणारी तू त्याचा तिसरा हिस्सा भरतेस. एसी बंद असतानाच्या महिन्याचं बिल काढून बघा, तेवढं तिघींत वाटा, वरचं एसीवालीचं. यावर चिडायचं कारण नाही, कदाचित तिच्या हे लक्षातही आलं नसेल. बिल हातात धरून सांगितलंस तर समजेल.

बाकी वाणसामान, दूध, पाण्याचा जार, कामाला येणाऱ्या मावशींचा पगार, हे ग्रुपवर त्याच दिवशी लिहायची सवय लावा. महिनाअखेरीस आठवून लिहिलं की वीस रुपयांवरून अबोला होतो. मावशींचे पैसे मात्र तारखेला द्या. तुमच्या तिघींचा हिशोब जुळेपर्यंत त्यांना थांबवू नका, त्यांचं घर त्यावर चालतं.

हे सगळं पहिल्या आठवड्यात बोल. तुला वाटतं की आल्या आल्या किरकिरी ठरेन. मी उलट सांगते: पहिल्या आठवड्यात विचारलेला प्रश्न हा प्रश्नच असतो. तीन महिने गप्प बसून चौथ्या महिन्यात तोच विचारलास की त्यात तीन महिन्यांचा राग मिसळलेला असतो, आणि समोरच्यांना तो राग तेवढा ऐकू येतो. मग 'तेव्हा का नाही बोललीस' याला तुझ्याजवळ उत्तर नसतं. रविवारी सकाळी चहा कर, तिघी बसा, आणि बोला. तू लिहितेस मुली चांगल्या वाटल्या. चांगल्या असतील तर तासाभरात सगळं ठरेल. त्यांनाही कुणीतरी विषय काढायला हवाच असेल.

घरून काय न्यावं, हे तू अगदी शेवटी विचारलंस, पण मला वाटतं तुझी आई त्याच तयारीला लागली असेल. जास्त काही नको. कूलर, मोठी भांडी, पाटा असलं काही ट्रॅव्हल्समध्ये चढवू नकोस. भाकरीचा तवा ने, पुण्यात मिळतो पण घरचा वापरून तयार झालेला असतो. येसर आणि काळा मसाला ने, दोन्ही हवाबंद डब्यात, डब्यावर नाव चिकटवून. ज्वारीचं पीठ थोडंच ने, जुनं झालं की भाकरी थापताना चिरते. एक बारीक कुलूप आणि कुलूप लागेल अशी पत्र्याची पेटी हवीच, कारण हॉलमध्ये तुला कपाट नाही आणि कागदपत्रं, दागिना, पगाराची चिठ्ठी पडद्याआड उघड्यावर नकोत. पडदाही तुझा तू ने, जाड कापडाचा, जमिनीपर्यंत टेकणारा. त्यांचा आहे तो मापाला पुरतो का, हे तू बघितलेलं नसणार.

आणि आजीची असेल तर गोधडी ने. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे हॉलमध्ये बाल्कनीच्या दाराखालून चांगलाच गारठा येतो.

तुझी,
ताई